गुडघाभर पाण्याची रेघ

टेस्टरनं साहेबावर सात वर्षं डूख धरला होता, आणि डूख कसा धरावा हे त्याच्याकडूनच शिकावं. तोंडातून चकार शब्द नाही. रस्त्यात साहेब दिसला की "नमस्कार साहेब". साहेबाचा गिझर बिघडला की हातातलं काम टाकून जायचं, चहा पुढं केला तर तोही प्यायचा. माणूस वायरमन, कानामागं कायम टेस्टर खोचलेला. खरं नाव होतं, पण ते फक्त लाइटबिलावर.

घरातली एक भिंत मात्र त्यानं सात वर्षं रंगवू दिली नव्हती. दाराच्या चौकटीच्या वर चार बोटं, गाळाची तपकिरी रेघ. पुराचं पाणी तिथवर चढलं होतं आणि त्याची आई त्या पाण्यात खाटेवरच गेली. साहेब तेव्हा पालिकेत इंजिनियर. त्यानं अहवालात लिहिलं, 'या भागात गुडघाभर पाणी साचले. एक वृद्धा पाय घसरून दगावली.' चार वर्षं अंथरुणाला खिळलेली बाई. पाय घसरायला ती उभी कधी राहिली होती!

तो अहवाल खोटा पाडायचा आणि साहेबाच्याच दारात पाडायचा, एवढी एकच गोष्ट टेस्टरला आयुष्यात करायची उरली होती. जमत मात्र नव्हतं. आणि अशात ती चित्रकार बाई आली.

बाईचं चित्र कागदावरचं नव्हतं. नाल्याकाठचा अख्खा उताराचा रस्ता, साहेबाच्या बंगल्यापासून खालच्या गल्लीपर्यंत, ऐंशी भिंती. त्यांवर पुराच्या पातळीला निळ्या उजेडाची एक सलग रेघ. दिवे भंगारातून काढलेले, वीज छपरांवरच्या सौर पॅनलची.

"हवा तापत चाललीय," बाई म्हणायची. "आधी महिनाभर पडायचा तो पाऊस आता दोन दिवसांत कोसळतो. हे पाणी परत येणार. कुठवर येणार, ते लोकांना रोज दिसू दे."

फिटिंगचं काम टेस्टरकडे आलं. बाईनं नकाशा उलगडला. रेघ वरपासून खालपर्यंत गुडघ्याएवढीच.

"बाई, ही रेघ रस्त्याबरोबर उतरतेय."

"हो ना. अहवालात सगळीकडे गुडघाभरच दिलंय."

"साचलेलं पाणी जिना उतरल्यागत उतरतं होय? परातीत ओतून बघा की."

बाई शिकलेली होती, म्हणून तिला लाज वाटली. "अय्या, खरंच. मग धरायची कुठली पातळी?"

'माझ्या घरातली' हे शब्द टेस्टरच्या ओठांवर आले होते. त्यानं ते गिळले. मेलेल्या बाईच्या पोराची भिंत कोण खरी मानणार? साहेब म्हणाला असता, यानंच चिखल फासला.

"साहेबांनाच विचारू," तो म्हणाला. "मोजलं त्यांनी."

साहेब आता निवृत्त झाला होता. उद्घाटन तुमच्या हस्ते म्हटल्यावर गडी फुगला, सपाता घालून फाटकाशी आला आणि वाकून खांबावर गुडघ्याएवढ्या उंचीला बोट टेकवलं. "इथवर. स्वतः उभं राहून मोजलंय मी."

टेस्टरनं बोटाखाली पेन्सिल ओढली. "बाजूला एक सही ठोका ना साहेब. तुमच्या हातची असली म्हणजे कुणी शंका घेणार नाही."

साहेबानं तारखेसकट ठोकली. टेस्टरनं दोन फोटो काढले आणि चहा घेऊन निघाला. त्या दिवशी चहा त्याला गोड लागला.

खूण खाली न्यायला लेव्हलची नळी लागते. आरपार दिसणारी लांब नळी, आत पाणी. दोघांनी दोन टोकं धरायची. एका टोकाचं पाणी खुणेला लावलं की दुसऱ्या टोकाचं आपोआप त्याच पातळीला थांबतं. दुसरं टोक धरलं आक्कानं. टेस्टरची थोरली बहीण, कपडे शिवते.

"नीट धर, आक्का."

"माप घ्यायला मला शिकवतोस? तुझी पहिली चड्डी मी शिवली."

भिंतीमागून भिंत, खुणेमागून खूण. रेघ तसूभर हलत नव्हती, पायाखालचा रस्ता उतरत होता. साहेबाच्या फाटकाशी गुडघ्याला असलेली खूण किराणा दुकानापाशी कमरेला आली, दवाखान्यापाशी छातीला, गल्लीच्या तोंडाशी डोक्यावर. शेवटची खूण घरात घ्यायला टेस्टर स्टुलावर चढला. नळीतलं पाणी डुचमळलं आणि गाळाच्या रेघेवर येऊन थांबलं.

आक्का पदर तोंडावर धरून तशीच उभी राहिली.

उद्घाटनाला संध्याकाळी सगळा रस्ता लोटला. साहेबानं फीत कापली. ऊन विझलं तशी फाटकाच्या खांबावर, साहेबाच्या सहीशेजारी, पहिली निळी कांडी पेटली. मग पुढची, मग त्यापुढची. लोक रेघेबरोबर उतार उतरत गेले, हसत, फोटो काढत. दवाखान्यापासून हसणं कमी झालं. गल्लीत पोचल्यावर सगळ्यांच्या माना वर. कुणीतरी म्हणालं, "ह्याला गुडघा म्हणतात?" आणि शे-दोनशे तोंडं मागं वळून चढावर बघायला लागली.

साहेब घाईनं खाली आला. "बंद कर हे."

"बटणच नाही साहेब," टेस्टर म्हणाला. सात वर्षं जपलेलं हसू त्यानं आता बाहेर काढलं. "दिवसभर ऊन खातं, अंधारलं की आपणहून लागतं. पॅनल आमच्या छपरांवर. रोज दीड तास, तुमच्या सहीपासून सुरू."

साहेबानं आवाज खाली आणला. "आणि पूर आला तेव्हा तू कुठं होतास रे? माझ्या बंगल्यातलं पाणी उपसायला पंप चालवत होतास. गुडघाभर तर आहे, म्हातारीला काय होतंय असं मी म्हटलं, तर 'हो साहेब' कोण म्हणालं? सांगू तुझ्या बहिणीला?"

सात वर्षांच्या बेतात हे कुठं बसवलेलं नव्हतं. आक्का दहा पावलांवर, रेघेखाली उभी. तिला त्यानं सांगितलं होतं, रस्ता बंद होता, म्हणून पोचलो नाही. आता गप्प बसला असता तर साहेब जन्मभर त्या गप्पपणावर त्याला नाचवणार होता.

"आक्का," तो सगळ्यांदेखत ओरडला, "रस्ता बंद नव्हता. मी साहेबाचा पंप चालवत थांबलो होतो."

आक्का जवळ आली. "गल्ली खाली आहे, हे तुला ठाऊक नव्हतं? जन्मभर नळ्या धरल्यास."

"ठाऊक होतं. मी माझ्या गुडघ्याकडं बघितलं, आणि पटलं."

तिनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. मग ती साहेबाकडं वळली. "ह्याचं मी घरी बघेन, साहेब. तुमचं तुमच्या दारात."

दुसऱ्या संध्याकाळी ती बुटकं स्टूल घेऊन साहेबाच्या फाटकाशी बसली. रेघ तिथं बरोबर मांडीवर उजेड टाकते. त्या उजेडात ती काजं करते, बटणं लावते. येणारा-जाणारा विचारतो, इथं का हो बसता? मग ती पहिल्यापासून सांगते: अहवाल, सही, खाट. साहेबाच्या खिडक्या त्या दीड तासात बंद असतात.

भावाचंही ती सांगते. काही वगळत नाही.

टेस्टर तिथंच कोपऱ्यावर वायरी तपासत असतो. ती त्याच्याशी बोलत नाही. एखादी कांडी मिणमिणली तर सुईनं तिकडं दाखवते, आणि तो मुकाट्यानं जाऊन ती बदलतो.