बाळंतपणाच्या बाजेची बैठक

"त्या बाजेवर माझी तीन लेकरं झाली. आन ती तुमी बुडाखाली घालनार?"

हे मी भिंतीपलीकडून ऐकलं आणि माझी तव्यावरची भाकरी करपली. सोलापूरच्या बाळीवेशीत आमचं आणि चनबसप्पाचं घर एका भिंतीला होतं. भिंत मातीची, पातळ. त्यांच्याकडं कुणाला उचकी लागली तर आमच्याकडं पाण्याची आठवण व्हायची. बोलत होती ती अक्कम्मा, चनबसप्पाची बायको. एरवी ती नवऱ्यासमोर मोठ्यानं शिंकतसुद्धा नव्हती.

चनबसप्पा म्हणाला, "बाज न्हाय मागत मी. निस्ती नवार दे."

"नवार काडल्यावर बाजंत ऱ्हातंय काय? चार पाय?"

"पाय तुलाच की."

मग काहीतरी भांडं वाजलं. ते पडलं का आपटलं, हे मी अक्कम्माला पुढं खूपदा विचारलं. तिनं कधी सांगितलं नाही.

साल चौऱ्याहत्तर. भांडण एका फटफटीच्या बैठकीवरून होतं, आणि त्या बैठकीत आमच्या हेमावतीचं लग्न अडकलं होतं. म्हणून मी कान लावून ऐकत होते, नाहीतर मला शेजाऱ्यांच्या भांडणात रस नाही.

हेमावती माझी धाकटी नणंद. आणि चनबसप्पा म्हणजे आमच्या लोकांतला सोयरीक जुळवणारा माणूस. पोटाचा धंदा चादरींचा. सोलापूरच्या चादरींचे नमुने घेऊन तो वैराग, बार्शी, अक्कलकोटच्या दुकानांत जायचा, ऑर्डर आणायचा. पण चादर दाखवता दाखवता त्याच्या ध्यानात यायचं की या घरात पोरगा लग्नाचा आहे, आणि तिकडं अमक्याच्या घरी पोरगी आहे. चादर खपो न खपो, स्थळ हलायचं. त्याचं तो काही घेत नव्हता. चहा तेवढा घ्यायचा, तोही बशीत ओतून, फुंकत फुंकत, जेवढा वेळ लावता येईल तेवढा.

कारण त्याचं म्हणणं असं होतं की सोयरीक बोलण्यावर होत नाही, बसण्यावर होते. पहिल्या घटकेला माणसं तोंडदेखलं बोलतात. दुसऱ्या घटकेला शेताचं, दराचं बोलतात. तिसऱ्या घटकेला घरातली म्हातारी आतून बाहेर येते, आणि खरं काय ते तिथून सुरू होतं. एस्टीनं गेलं की परतीच्या गाडीवर डोळा ठेवावा लागतो, आणि घड्याळ बघणाऱ्याच्या हाती आपली पोर कोण देईल? म्हणून तर त्यानं एका रिटायर झालेल्या रेल्वेच्या माणसाची जुनी फटफटी घेतली.

फटफटी चांगली होती, आवाज भरदार होता. बैठकीवर मात्र मेलेल्या माणसालाही बसवत नव्हतं. खाली पत्रा, त्यावर चिमूटभर काथ्या, त्यावर काळं रेक्झिन. सोलापूरच्या उन्हात त्या रेक्झिनवर पापड भाजला असता. बार्शीला जाऊन आलं की चनबसप्पा दोन दिवस उंबऱ्याशी उभा राहून जेवायचा.

त्यानं उपाय पुष्कळ केले. सगळे उपाय एकाच दिशेचे, मऊ अजून मऊ. आधी अक्कम्माच्या माहेरच्या उशीतला सावरीचा कापूस काढून गादी शिवली. घरात बसून बघितली तर ढगावर बसल्यासारखी. वैरागपर्यंत त्या ढगाचे चार गोळे झाले, आणि चारही नको तिथं जमले. मग सायकलची ट्यूब फुगवून पोत्यात घालून ती बांधली. तिच्यानं तो खड्ड्यागणिक असा उडायचा की गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्याचे पैसे वाचले, असं आमचे मालक, हेमावतीचे थोरले भाऊ, म्हणायचे. मग फोम आणला. फोम बसल्याबरोबर दबला, आणि पत्रा होता तिथंच भेटला. वर घामोळं आलं ते वेगळंच.

असं सगळं चाललेलं असताना बार्शीचं स्थळ आलं. भुसाराचे व्यापारी, घर भरलेलं, पोरगा शांत. हेमावतीनं बाविशी ओलांडली होती आणि दोन ठिकाणी फिसकटलं होतं, त्यामुळं आमच्या घरात बार्शी हा शब्दसुद्धा हळू आवाजात बोलत. त्या घरात सगळं चालायचं ते मुलाच्या आजीच्या, कस्तुराबाईंच्या मतानं. चनबसप्पा गेला. घरच्यांनी ओसरीवर जमखाना अंथरला, पाणी दिलं, म्हणाले बसा.

चनबसप्पा बसला नाही.

त्याला बसता येत नव्हतं. फोमच्या घामोळ्यांची गळवं झाली होती, आणि सत्तर किलोमीटरच्या खड्ड्यांनी त्यांचं काय केलं होतं ते मी लिहीत नाही. बायकामाणसांसमोर हे सांगणार कसं? तो खांबाला धरून उभा राहिला. चहा उभ्यानं प्याला. मुलीचं शिक्षण, मुलीचा स्वभाव, सगळं उभ्यानं सांगितलं. म्हातारीनं तीनदा बस म्हणून सांगितलं, आणि तो तीनदा म्हणाला, ठीक हाय की, हितंच बरं वाटतंय.

तो ओसरीच्या पायऱ्या उतरायच्या आत कस्तुराबाई घरच्यांना म्हणाल्या, "ज्याचा पाय दारात हाय, त्याच्या पोटात काय तरी हाय. पोरीत खोट असनार."

नकार आला असता तर सोसला असता. पण खोटीची गोष्ट बार्शीच्या बाजारातून वैरागला आणि वैरागहून सोलापूरला यायला आठवडा लागला नाही. अक्कलकोटचं एक स्थळ आपसूक थंड झालं. हेमावती नुसती ज्वारी पाखडत बसायची, पाखडलेली पुन्हा पाखडायची. मी सासूबाईंना सांगितलं की तिला दुसरं काम द्या, सूप फाटेल.

चनबसप्पाला हे कळलं तेव्हा त्याचं तोंड कपाळावरच्या विभूतीपेक्षा पांढरं झालं. आमच्या ओसरीवर येऊन तो उभा राहिला, आणि मालकांना एवढंच म्हणाला, "माज्या बुडापायी पोरीचं नाव गेलं. मीच आनून देनार."

त्याच खेपेला त्याला वाटेत एक बाज भेटली होती. बार्शीहून परतताना वैरागच्या अलीकडं त्याला पुढं जाववेना. एका मळ्यात आंब्याखाली बाज टाकलेली, मळेवाला म्हणाला पडा. तो पडला, मग भीत भीत बसला. आणि काय की, बसलाच. दिवस कलेपर्यंत बसला. दुखेना, तापेना. खालून वारा लागत होता. हाड जिथं टेकेल तिथं नवार जरा खाली जायची, बाकी मांडीला वर धरून ठेवायची. घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आपण मऊ करत बसलो, आणि पाहिजे होतं ते झेलणारं, असं तो पुढं आयुष्यभर सांगायचा, विचारलं नाही तरी.

त्याच्या घरात बाज एकच होती. अक्कम्माच्या आईनं पहिल्या बाळंतपणाला दिलेली. तिची नवार, म्हणजे विणायची पट्टी, जाड सुताची, एक धागा विसविशीत झालेला नव्हता. म्हणून ते भांडण.

अक्कम्मानं नवार दिली कशी, तर हेमावतीपायी. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी ती मीठ मागायला आमच्याकडं आली आणि सुपापाशी बसलेल्या हेमावतीकडं बघत उभी राहिली. मीठ न घेताच गेली. दुपारी बघते तर अंगणात बाज उलटी घातलेली, आणि ही एकटी बसून नवार सोडवतेय.

महिपती वेल्डिंगवाल्यानं जुन्या पायपाची चौकट करून दिली, पत्र्याच्या जागी बसेल अशी. चनबसप्पानं तिच्यावर नवार विणली ती ढोलकीसारखी ताठ. बसला आणि तोंड वाकडं करून उठला. अक्कम्मा दारात उभी होती. तिला हसू आवरेना.

"बाज कदी विनली हाय का तुमी?" ती म्हणाली. "बाळंतिनीची बाज मधी ढिली ठिवतात, कडंला ताट. पाट टेकली पायजे तिची. सरका तिकडं."

तिनं सगळी उसवली आणि पुन्हा विणली. पुढं अरुंद, मागं रुंद, मधे एक बोट झोळ. विणताना दर दोन पट्ट्यांनी ती नवऱ्याला खुणेनं बसवायची आणि उठवायची. त्याच्या मापानं चाललं होतं सगळं, शिंप्यानं अंगरखा बेतावा तसं. अख्खी बाळीवेस बघायला जमली होती. कुणी म्हणालं, चनबसप्पाचं बाळंतपण हाय वाटतं. ती मान वर न करता म्हणाली, व्हय, चवथं.

वरून वाकळ मी दिली. माझ्या जुन्या लुगड्यांचे थर, टाके इतके दाट की सुई दुसरीकडून निघायला कंटाळायची. मऊ नाही, पण गोळा व्हायची सोय नाही. उन्हात तापत नाही, घाम पिते, आणि संध्याकाळी झटकून भिंतीवर टाकली की सकाळी कोरडी.

चनबसप्पा अक्कलकोटला जाऊन आला. येऊन आमच्या ओसरीवर मांडी घालून बसला आणि चहा मागितला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मग बार्शी. बोलावणं नव्हतं. तो म्हणाला, आलेल्याला पानी तरी देतीलच. मुलीचा भाऊ म्हणून आमच्या मालकांना मागं बसवून घेतलं.

आता इथं सगळ्यांची एक चूक झाली, ती कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. नवार पुढच्या बैठकीला होती. मागं तोच जुना पत्रा, तोच काथ्या.

पुढचं मी दोघांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की मीच गेले होते असं वाटतं. जमखाना अंथरला गेला, जरा नाराजीनंच. चनबसप्पानं टोपी काढली, मांडी घातली आणि बसला. असा बसला की जमखान्याला मूळ फुटावं. पहिली घटका गेली. दुसरी गेली. ज्वारीचा दर झाला, तुरीचा दर झाला. कस्तुराबाई आतून बाहेर आल्या आणि बघतात तर आज हा बसलाय, आणि मुलीचा भाऊ खांबाला धरून उभा.

"ह्यो कोन?" त्या म्हणाल्या.

"मुलीचा भाऊ."

"मग बसत का न्हाय?"

मालक लाल झाले. म्हणाले, हितंच बरं वाटतंय. शब्दाला शब्द तोच. म्हातारीच्या भुवया वर गेल्या. आणि मग चनबसप्पा हसायला लागला, पोट धरून, मांडी न मोडता. लाज गेली खड्ड्यात म्हणाला, आणि गळवांपासून बाजेपर्यंत सगळं सांगितलं. मागच्या खेपेला खोट होती ती माझ्या बैठकीत होती, आजी, पोरीत न्हाय. आज ती ह्याच्या वाटनीला आली.

सगळे म्हातारीकडं बघत होते. ती उठली, चपला घातल्या, अंगणात गेली. फटफटीची पुढची बैठक तिनं मुठीनं दाबून बघितली. मागची दाबली. मग पदर खोचला, नातवाच्या खांद्याला धरलं आणि पुढच्या बैठकीवर चढून बसली. सत्तरीची बाई. अंगणातल्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या म्हणतात.

वरूनच विचारलं, "ही विनली कुनी?"

"माज्या बायकोनं. तिच्या बाळंतपनाच्या बाजेची नवार हाय."

"आन दिली तिनं?"

"तुमच्या होनाऱ्या नातसुनंसाटी दिली."

कस्तुराबाई उतरल्या नाहीत. तिथं बसूनच आत हाक मारली की गहू भिजवा. आमच्यात गव्हाची हुग्गी, गुळातली खीर, शिजली म्हणजे बोलणं पक्कं, आणि पहिला घास सोयरीक आणणाऱ्याचा. चनबसप्पा हुग्गी शिजेपर्यंत बसला, खाऊन झाल्यावरही बसला. शेवटी म्हातारीच म्हणाली, अप्पा, आता उठायचं हाय का न्हाय? तो म्हणाला, तारीक काडल्याबिगर न्हाय.

तारीख निघाली. आमचे मालक घरी आले ते हुग्गीचा डबा घेऊन आणि मागच्या पत्र्यापायी पंचा घडी करून बुडाला बांधून. दारातूनच ओरडले की झालं. हेमावतीच्या हातातलं सूप गळून पडलं आणि ज्वारी सगळ्या घरभर झाली. कुणी उचलली नाही. अक्कम्मा भिंतीपलीकडून रडत होती का हसत होती, ते मात्र मी मुद्दाम ऐकलं. हसत होती.

महिन्याभरात मागच्या बैठकीलाही नवार लागली, आणि तिच्यावर बसून अक्कम्मा लग्नाला बार्शीला गेली. कस्तुराबाईंनी तिला वेशीपर्यंत येऊन उतरवून घेतलं. खणानारळानं ओटी आधी तिची भरली, मग माझ्या सासूबाईंची.

त्यानंतर पाच वर्षं चनबसप्पा त्या बैठकीवरून तीन तालुके फिरला. माणसं चादरीपेक्षा बैठकच बघायला यायची. कुणी तसली करून मागितली तर तो म्हणायचा, आधी बायकोला इचारा बाज देते का. किती लग्नं जुळवली ते त्यानं मोजलं नाही. नकार मात्र तो कधी टपालानं कळवत नसे. होकार उभ्यानं सांगितला तरी चालतो, नकार बसून सांगावा, असं त्याचं होतं.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात तो झोपेतच गेला. त्याच्या आदल्या दिवशी वैरागची खेप होती. सोलापूरच्या एका घरानं वैरागच्या मुलीला नाही म्हटलं होतं, तो निरोप. सकाळी त्यानं वाकळ भिंतीवरून काढली, झटकली, मधल्या झोळात मूठ दाबून बघितली. अक्कम्माला विचारलं, काय आनू? ती म्हणाली, शेंगा. वैरागला तो त्या घरी जमखान्यावर बसला, जेवला, मुलीच्या बापाशी पावसाचं बोलला, तिसऱ्या घटकेला नकार सांगितला, आणि त्याच बैठकीत दुसरं एक स्थळ सुचवलं. ऊन उतरल्यावर निघाला. घरी आला, शेंगांची पिशवी अक्कम्माच्या हातात दिली, बैठकीवरची वाकळ काढली आणि आमच्या दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवर वाळत टाकली.