दिघीच्या धक्क्यावर मी म्हणालो, ‘माहीत नाही’

दादाला समुद्र बघायचा होता आणि मला भाषण लिहायला निवांतपणा हवा होता, म्हणून पुण्याहून श्रीवर्धनला निघालो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. या रस्त्यावर त्याने कित्येक वर्षं गाडी चालवली. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. आता उजवा हात चालत नाही आणि शब्द सावकाश येतात. मी निवृत्त शिक्षक. आमच्या चर्चमध्ये अधूनमधून बोलतो. या वेळचा विषय होता, येशू ख्रिस्त एकाच वेळी पूर्ण देव आणि पूर्ण माणूस कसा, यावर सुरुवातीच्या शतकांत चाललेला वाद.

ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असा रस्ता घेतला. सकाळी सहाला निघालात तर दुपारच्या जेवणाला श्रीवर्धन गाठता येतं. घाटात दादा प्रत्येक उतारावर म्हणे, “दुसरा... टाक.” मी दुसरा गियर टाकी. सुपारीच्या वाडीत खोली मिळाली, सुरमईचं ताट साडेतीनशेला. दादा डाव्या हाताने, सोलकढी सांडत, पोटभर जेवला.

संध्याकाळी ओटीवर मी त्याला भाषण वाचून दाखवलं. त्या काळी काही पंडितांना अवघडल्यासारखं व्हायचं. देवाला भूक? देवाला बाळोती? म्हणून ते म्हणायचे, ख्रिस्ताचं शरीर नुसता भास होता. दुसरे म्हणायचे, समुद्रात मधाचा थेंब विरावा तसं त्याचं माणूसपण देवपणात विरून गेलं. शेवटी ठरलं ते असं: दोन्ही पुरेपूर, एकाच व्यक्तीत, सरमिसळ नाही आणि ताटातूटही नाही.

“बाळोत्यांची लाज वाटणारे धर्मपंडित!” मी हसलो. दादाही हसला.

दुसऱ्या दिवशी दिवेआगरवरून दिघीला आलो. तिथून गाडीसकट बोटीने आगरदांड्याला उतरलं की मुरूड, काशीद जवळ पडतं. बोटीला वेळ होता. धक्क्याजवळच्या टपरीत चहा घेतला आणि दादाला तिथेच खुर्चीत बसवून मी समुद्राचे फोटो काढायला पुढे गेलो. वयस्कर माणसांना घेऊन येणार असाल तर वाटेतली स्वच्छतागृहं आधी विचारून ठेवा. मी विचारली नव्हती. निघायच्या घाईत दादाचा डायपरही बदलला नव्हता.

मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब नाकाला रुमाल लावून उठलं होतं. दादाची पँट भिजली होती, खुर्चीखाली घाण ओघळत होती. त्यांच्यातली एक बाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, “अहो, ते आजोबा कोणाबरोबर आहेत?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. आणि समुद्राकडे वळलो.

विचार करून म्हणालो नाही. तोंडातून निघालंच. पण नंतर दुरुस्त करायला भरपूर वेळ होता, आणि मी तो फोनच्या पडद्यात बघत घालवला.

टपरीवाले इक्बालभाई पुढे आले. “चला चाचा, पाय धुऊ,” म्हणत त्यांनी दादाला काखेत हात घालून उठवलं आणि मागच्या घराकडे नेलं. मी बऱ्याच वेळाने गेलो. मोरीत दादा स्टुलावर बसला होता. इक्बालभाई वाकून त्याच्या मांड्यांवर पाणी ओतत होते.

“तुमचे कोण?” त्यांनी विचारलं. आम्हा दोघांना चहा त्यांनीच दिला होता.

“भाऊ.”

“मग ही लुंगी धरा.”

त्यांनी पैसे घेतले नाहीत. मला काहीतरी बोलायचं होतं, म्हणून मी भलतंच बोललो: आम्ही ख्रिस्ती, देव माणूस झाला असं मानतो, त्याच विषयावर मी बोलणार आहे.

“आमच्यात नाय तसं मानत,” ते हात पुसत म्हणाले. “अल्ला अल्लाच, बंदा तो बंदा. चाचांना उपाशी नका ठेवू आता. आमच्या अब्बांना असं धुतल्यावर लगेच भूक लागायची.”

काशीदला दादा इक्बालभाईंची लुंगी नेसून वाळूत बसला, भजी खाल्ली. तिथलं पाणी छान आहे म्हणतात. मी नीट पाहिलं नाही. मग अलिबागमार्गे पुण्याला परतलो.

रविवारी भाषण झालं. दिघीचा प्रसंगही मी सांगितला, पण ‘एका प्रवाशाची गोष्ट’ म्हणून. बायाबापड्यांनी डोळे पुसले, पाळकसाहेबांनी हात दाबला. दादा तिसऱ्या बाकावर होता.

घरी त्याचा सदरा काढताना तो म्हणाला, “ऐकलं... होतं मी. दिघीला.”

मी माफी मागायला लागलो, तर त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

“एक प्रवासी... नको. माझा भाऊ... म्हण.”

पुढच्या रविवारी सूचना वाचून झाल्यावर मी उभा राहिलो. दादाला शेजारी उभं केलं, त्याचा भार माझ्या खांद्यावर घेतला आणि सांगितलं, की तो प्रवासी मी होतो आणि हा माझा भाऊ, शमुवेल. कोणी डोळे पुसले नाहीत. बाहेर पडताना दोघातिघांनी नजर टाळली. दादा मात्र सगळ्यांशी डाव्या हाताने हात मिळवत होता.