शिवेवरची झोळी

भोरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून लागलो तेव्हा एका कोड्यानं माझं डोकं खाल्लं होतं. किकवीकडून बैलगाडीत आलेला, चांगला जबर लागलेला माणूस जगायचा. आणि वेल्ह्याच्या डोंगरातून झोळीत आलेला, त्याच्याहून कमी लागलेला, दवाखान्याच्या दारातच मान टाकायचा. झोळी आणणाऱ्यांना विचारावं तर एकच उत्तर, "वाटंत कुटंबी थांबलो न्हाई, सायेब." वरिष्ठ म्हणायचे, लांबचा पल्ला, दुसरं काय असणार! मला ते पटत नव्हतं. जेवताना तेच, आंघोळीला बसलो तरी तेच. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "एकदा जाऊन बघून तरी या."

देवी टोचायच्या निमित्तानं पालीला गेलो. तिथं असताना वरच्या वाडीतला एक धनगर शेरडांसाठी पाला तोडताना कड्यावरून घसरला. मांडी खोलवर फाटली होती. लोकांनी जखमेच्या वर दोर आवळला होता, म्हणूनच जिवंत होता. दोर जरा सैल केला की रक्त उसळायचं. शिवायचं सामान सगळं भोरला.

"पाय ऱ्हाईल नव्हं?" त्याच्या बायकोनं विचारलं.

"आधी जीव वाचू दे," मी खेकसलो. मग खरं ते सांगितलं, की दोर फार वेळ राहिला तर खालचा पाय मरतो. लवकर पोचायला हवं.

घोंगडीची झोळी बांबूला बांधून निघालो. पहिल्याच शिवेवर गड्यांनी ती खाली ठेवली आणि तंबाखूच्या चंच्या सोडल्या.

"का थांबलात?"

"थांबलो कुटं? फुडं त्या गावाचं खांदं."

रीतच ती. जखमी माणूस आपल्या हद्दीतून जायचा तर खांदा आपलाच हवा. दुसऱ्यांनी परस्पर नेला तर गावाला कमीपणा. आणि पुढच्या गावचे गडी येईपर्यंत ही वाट बघणं त्यांच्या लेखी थांबणं नव्हतंच. माझ्याशी कुणी खोटं बोललं नव्हतं. हसावं की एखाद्याच्या थोबाडीत द्यावी, मला कळेना.

"बाई, हाळी द्या," मी धनगरणीला म्हणालो. "पुढच्या गावाला आत्ताच कळू दे."

लुगडं खोचून ती टेकाडावर चढली. तिची हाळी खोरंभर गेली, गावागावानं ती पुढं दिली. त्यानंतर प्रत्येक शिवेवर माणसं तयार उभी. शेवटच्या शिवेवर मात्र ओ आली नाही. भोरचा बाजार होता, गडी सगळे तिकडे. झोळी पुन्हा खाली. पाऊल गार पडून काळंनिळं झालेलं. मी ओरडलो, शिव्या घातल्या, झोळी आणणाऱ्यांतलं कुणी हलेना. शेवटी पुढचा बांबू मीच खांद्यावर घेतला, तेव्हा लाजेकाजेस्तव ते उठले.

माणूस वाचला. पाय मांडीतून कापावा लागला. तरी मी खुशीत होतो. कोडं सुटलं होतं. हाळी आधी, झोळी मागून, असं गावोगाव सांगत सुटलो, आणि खरंच त्या बाजूची माणसं जगू लागली.

घरी न्यायच्या दिवशी मी धनगरणीला म्हणालो, "वाचला बघा."

"व्हय," ती म्हणाली. "आता कडा कसा चढत्याल?"

शिवेपर्यंत त्यांच्याबरोबर गेलो. त्या दिवशी बाजाराला गेलेले गडी आज झोळी उचलायला हाळीची वाट न बघता येऊन उभे होते.