मामाचं नवं इंजिन

कप्तानाला साऱ्या जगात एकाच माणसाचा हेवा वाटायचा, आणि तो माणूस नेमका त्याच्या बायकोचा पाठचा भाऊ निघाला. परक्याचा हेवा करणं सोपं असतं. परका नजरेआड गेला की पोटदुखी थांबते. मेहुणा ऊठसूट घरी येतो, आपल्याच खुर्चीत बसतो, बहिणीने दिलेल्या चहाचा घोट घेऊन डोळे मिटतो आणि ‘वा ताई’ एवढंच म्हणतो. मग नवऱ्याने इतक्या वर्षांत असं एकदाही म्हटलं नाही, हे बायकोला नेमकं त्याच संध्याकाळी आठवतं.

कप्तान म्हणजे जहाजावरचा कप्तान नव्हे बरं का. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी व्हॅन चालवायचा तो. डोक्यावर बारमाही निळी टोपी असायची म्हणून कुठल्यातरी पालकाने त्याला कप्तान म्हटलं आणि ते चिकटलं. मेहुण्याचाही तोच धंदा. त्याला या धंद्यात आणलं कप्तानानेच. क्लच कधी सोडायचा, वळणावर कुणाचं पोट ढवळतं, उशीर करणाऱ्या आईशी गोड कसं बोलायचं, सगळं त्यानेच शिकवलं. कप्तानाच्या मते ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घोडचूक होती. बायकोच्या मते ते त्याच्या हातून झालेलं एकुलतं एक पुण्य होतं.

जळण्याचं खरं कारण मात्र वेगळंच. कप्तानाची स्वतःची दोन मुलं लहानपणी मेहुण्याच्या गाडीत बसायची आणि त्याला मामा म्हणायची. त्यांचं ऐकून गाडीतली सगळी पोरं मामा म्हणायला लागली. कप्तानाला सगळे काका म्हणत. आता तुम्हीच सांगा, काका काय, दूधवालाही काका असतो, लिफ्टवालाही काका असतो. मामा म्हटलं की त्यात आपोआप लाड येतात. कप्तान धंद्यात थोरला, शिस्तीचा पक्का, एकदाही कुणाला शाळेत उशिरा सोडलेलं नाही. तरीही शाळा सुटताना मुलं त्याच्या व्हॅनकडे चालत यायची आणि मामाच्या व्हॅनकडे धावत जायची. हा फरक फक्त कप्तानाला दिसायचा, पण रोज दिसायचा.

व्हॅनसुद्धा दोघांची एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची. कप्तानाने चार शोरूम पालथे घालून, दहा जणांचे सल्ले घेऊन ती पसंत केली. मेहुण्याने शोरूममध्ये जाऊन सांगितलं, ‘भाऊजींनी घेतली तीच द्या.’ आणि गाडी आधी मिळाली कुणाला? मेहुण्याला. कप्तानाची दुसऱ्या दिवशी आली. तेव्हापासून कुणी ‘तुमचीही मामांसारखीच गाडी वाटतं’ असं म्हटलं की कप्तानाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

अशात एका सकाळी कप्तान दाढी करत असताना फोनवर कंपनीचा मेसेज आला. ठरावीक महिन्यांत बनलेल्या इंजिनांत बेअरिंग सदोष निघालं आहे, चालत्या गाडीचं इंजिन जाम होऊ शकतं, तरी गाडी सर्व्हिस सेंटरला आणून द्यावी, काम फुकट करून मिळेल, तोवर माणसं बसवून गाडी चालवू नये. कप्तानाच्या अर्ध्या गालाला साबण तसाच राहिला. त्याने मेसेज दोनदा वाचला. पहिला विचार आला तो इंजिनाचा नव्हता. गाडी उभी राहिली तर पोरं मामाच्या व्हॅनमध्ये जाणार, हा होता. आणि एकदा मामाच्या व्हॅनमध्ये बसलेलं पोर पुन्हा काकाकडे कशाला येईल?

तेवढ्यात दारात मेहुणा हजर. चेहरा उतरलेला, हातात फोन.

“भाऊजी, तुम्हालाही आला का हो मेसेज?”

कप्तानाने टॉवेलने तोंड पुसलं. खोटं बोलायचं असं त्याने ठरवलं नव्हतं. पण मेहुण्याचा पडलेला चेहरा पाहून मनाला अशी काही गार झुळूक लागली की तोंडातून आपसूक निघून गेलं, “कसला मेसेज? मला नाही बुवा आला. माझा लॉट वेगळा असणार.”

मेहुण्याने लगेच विश्वास ठेवला. भाऊजींनी सांगितलं म्हणजे संपलं, हा त्याचा जुनाच स्वभाव, आणि कप्तानाला त्याचाही रागच यायचा. वर कप्तानाने त्याला एक छोटंसं प्रवचन दिलं. गाडी घेताना घाई करू नये, आधी मिळाली म्हणून हुरळून जाऊ नये, कंपन्या पहिला माल असाच खपवतात वगैरे. मेहुण्याने मान खाली घालून ऐकलं आणि मग विचारलं, की माझी गाडी सेंटरला आहे तोवर माझी पोरं तुम्ही न्याल का. कप्तानाने थोडे आढेवेढे घेतले. न घेतले तर शोभलं नसतं. आतून मात्र त्याला एवढा आनंद झाला की उरलेली अर्धी दाढी करायचीच तो विसरला आणि तसाच कामावर गेला.

त्या आठवड्यात कप्तान दोन फेऱ्या मारायचा. आधी आपली पोरं, मग मामाची. पहिल्याच दिवशी नाचक्की झाली. मामाच्या पोरांच्या दारात जाऊन त्याने आपला नेहमीचा एक लांब हॉर्न दिला. कुणी बाहेर येईना. पुन्हा दिला. एका खिडकीतून आजोबांनी डोकं काढून हाकललं, की पुढे जा, आमचा हॉर्न दोन आखूड वाजतो. शेवटी कप्तानाने इकडे तिकडे पाहून चोरासारखे दोन आखूड हॉर्न मारले. दारं फटाफट उघडली. पोरं धावत आली, व्हॅनपाशी थबकली आणि आत कोण आहे ते पाहून चालायला लागली.

पुढचं तर विचारू नका. मामा कोडी घालतात, तुम्ही का नाही घालत? कप्तानाला एकच कोडं येत होतं, तेही मुलांना येत होतं. मामा सिग्नलला थांबले की लाल दिव्याशी भांडतात. कप्तानानेही लाल दिव्याला दोन शब्द सुनावून पाहिले, तर शेजारच्या स्कूटरवाल्याला ते आपल्यालाच वाटले. घरी येऊन तो बायकोपाशी धुसफुसला, की तुझ्या भावाने पोरं पार बिघडवून ठेवली आहेत. ती म्हणाली, “अहो, मग त्यांना सुधरवायला जाऊ नका, नुसती पोचवा.”

याच दिवसांत इंजिन बोलायला लागलं. चढावर खालून ठक ठक असा आवाज यायचा, कुणीतरी आतून दार वाजवल्यासारखा. कप्तानाने तो ओळखला. इतकी वर्षं स्टिअरिंगमागे काढलेला माणूस, त्याला का कळणार नाही? त्याने गाण्यांचा आवाज वाढवला. आणि काय गंमत पाहा, गाणी मोठी लागली तशी पोरं खूश झाली. काका भारी झाले म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा दोन-चार पोरं कप्तानाच्या व्हॅनकडे धावत आली. ठक ठक जितकी वाढेल तितका गाण्यांचा आवाज वाढायचा, आणि तितका काका पोरांना आवडायचा. रात्री अंथरुणावर पडलं की त्याला तो आवाज पुन्हा ऐकू यायचा. तेव्हा तो स्वतःला समजवायचा, की कंपन्या उगाच घाबरवतात. समजूत पटायची नाही, पण झोप लागायची.

मेहुण्याची गाडी परत आली. नवं कोरं इंजिन, तेही फुकट. चालू आहे की बंद आहे हे हात लावून पाहावं लागेल, इतकं शांत. आणि पुढच्या काचेवर कंपनीचा हिरवा गोल स्टिकर, तपासणी पूर्ण, गाडी सुरक्षित. शाळेच्या फाटकाशी पालक त्या स्टिकरभोवती असे जमले, जणू मामाला बक्षीस मिळालं आहे. एका आईने कप्तानाला सहज विचारलं, की काका, तुमचा स्टिकर कुठे? माझ्या गाडीला गरजच नाही, माझा लॉट वेगळा, असं कप्तानाने छाती पुढे काढून सांगितलं. तिने मान हलवली, पण जाताना मामाच्या काचेकडे पुन्हा एकदा पाहिलं. त्या बघण्याने कप्तानाच्या अंगाचा तिळपापड झाला. फुकटचं नवं इंजिन, वर शाबासकी, आणि कर्तबगारी काय तर म्हणे गाडी बिघडलेली निघाली.

इंजिनाच्या ठकठकीने जे झालं नव्हतं ते त्या हिरव्या स्टिकरने केलं. कप्तानाने बेत रचला. सुट्टीच्या दिवशी गुपचूप सेंटरला जायचं, काम करून घ्यायचं, आपलं नुसत्या बेअरिंगवर भागेल, संध्याकाळी स्टिकर लावून परत. कुणी विचारलंच तर, मी स्वतःहून तपासून घेतली, पोरांसाठी.

सेंटरमधल्या मेकॅनिकने खालून ऑइल काढलं आणि ते एका पसरट ट्रेमध्ये धरून उजेडात नेलं. काळ्या तेलात चमचम दिसत होती, चांदीचा चुरा टाकावा तशी. ती बेअरिंगची झीज होती. मेकॅनिकने विचारलं, की गाडी उभीच होती ना? कप्तानाने टोपी सारखी केली. मेकॅनिकने त्याच्याकडे बघितलं, मग व्हॅनच्या मागच्या सीटवर विसरलेल्या छोट्या पाण्याच्या बाटलीकडे बघितलं आणि सांगून टाकलं, की ही गाडी आता इथून हलणार नाही. चढावर कधी जाम झाली असती सांगता येत नाही.

कप्तान बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. ज्या चढावर तो गाणी मोठी करायचा तो चढ त्याला दिसत होता, मागून येणारे ट्रक दिसत होते, आणि व्हॅनच्या आत टाळ्या पिटणारी पोरं. दुसऱ्या दिवशी शाळा होती. पोरांना न्यायला सगळ्या गावात एकच माणूस होता. फोन लावावा लागला.

त्याने सगळं सांगितलं. मेसेज त्याच सकाळी आला होता, हेही सांगितलं. मेहुणा कधी आवाज चढवायचा नाही, तेव्हाही चढवला नाही.

“भाऊजी, माझी पोरं मी तुमच्या शब्दावर तुमच्या गाडीत बसवली होती.”

“हो.”

“मी त्यांच्या आयांना सांगितलं होतं, माझ्या गाडीपेक्षा भाऊजींची गाडी चांगली म्हणून.”

कप्तानाला वाटलं, आता हा फोन आपटेल. आपटला असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर रागावता तरी आलं असतं. पण मेहुण्याने कोरड्या आवाजात विचारलं, उद्या कुणाच्या दारात कधी जायचं ते सांगा. आणि घरी ताईला तुमचं तुम्ही सांगायचं, मी सांगणार नाही.

कप्तान सांगत गेला. कोपऱ्यावरची जुळी भावंडं शेजारी शेजारी बसवायची नाहीत. चष्मेवाल्याला खिडकी द्यायची, त्याला मळमळतं. डॉक्टरीणबाईंचा मुलगा हमखास डबा विसरतो, गाडी सुरू करायच्या आधी विचारायचं. सांगता सांगता त्याचं त्यालाच नवल वाटलं, आपल्याला एवढं ठाऊक आहे याचं. शेवटच्या घरापाशी मात्र तो अडला. तिथली चिमुरडी. ‘ती आपली आपण येते,’ एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

बाकावरून उठला, दोन पावलं चालला, पुन्हा बसला. ती आपली आपण येत नसे. रोज सकाळी आईचा पदर धरून रडायची, आणि वर्षभर खटपट करून कप्तानाला तिची एक चावी सापडली होती. ती चावी मामाकडे नव्हती. उद्या मामा दोन आखूड हॉर्न मारील, कोडी घालील, लाल दिव्याशी भांडून दाखवील, आणि तरीही ती चढणार नाही. या विचाराने कप्तानाला क्षणभर बरं वाटलं, आणि मग तिचं रडणं आठवलं.

त्याने पुन्हा फोन लावला.

“ती शेवटच्या घरची. तिला मॅनेजरबाई म्हणायचं. गाडी सोडू का मॅनेजरबाई, असं विचारायचं. तिने हो म्हटल्याशिवाय गिअर टाकायचा नाही.”

“बरं.”

“हसू नकोस तिच्यासमोर.”

“नाही हसणार.”

कप्तानाने टोपी डोक्यावर नीट बसवली आणि घसा खाकरला.

“आणि माझी गाडी परत आली की तू तिला तसं म्हणायचं नाहीस. ते माझं आहे.”