बारवीचा रस्ता: एकदा माझ्या मापाने, एकदा बहिणीच्या

त्या रविवारी सकाळी मी लवकर आंघोळ उरकली, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हटली आणि उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात भाड्याची सायकल आणायला गेलो. लहानपणी गावाकडे मामाच्या सायकलीवर तोल सांभाळायला शिकलो होतो, तेवढीच काय ती माझी शिदोरी. त्यानंतर बारा-तेरा वर्षांत सायकलला हात लावला नव्हता. अंबरनाथ पश्चिमेला घर, शहाडच्या कारखान्यात कारकुनी, मधे रेल्वे. सायकलची गरजच पडली नव्हती.

गरज पडली ती माझ्या धाकट्या बहिणीमुळे. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. सुजाताचं डी.एड. झालं होतं आणि तिला जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणुकीचा कागद आला होता. शाळा बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याच्या एका ठाकूरवाडीत. एसटी वाडीच्या फाट्यावर पोचायची तोवर शाळेची पहिली घंटा होऊन गेलेली असायची. सुजाता म्हणाली, "मी सायकलने जाईन." ती कॉलेजला रोज सायकलनेच जायची. पुढच्या सोमवारपर्यंत हजर झाली नाही तर नेमणूक रद्द, असं कागदावर लिहिलं होतं.

शेजाऱ्यांपैकी कोणी सायकल चालवत नव्हतं, पण मत सगळ्यांना होतं. "वीस किलोमीटर? पोरगी वाळून जाईल." वडील वारल्यापासून घरात शेवटचा शब्द माझा. मी म्हणालो, "आधी मी रस्ता बघून येतो."

"कशात बसून बघणार?" सुजाताने विचारलं.

"सायकलवर बसून. घराच्या दारापासून शाळेच्या दारापर्यंत."

कॅम्पातल्या त्या दुकानाचे सिंधी मालक लछूभाई सुजाताची सायकल नेहमी दुरुस्त करायचे. दिवसाचे दहा रुपये भाडं. त्यांना रस्त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "बारवी? मस्त रोड आहे, साईं. बीचमें एक चढाव, बस." मी एकच चढ हे शब्द मनात पक्के धरून निघालो.

अंबरनाथ ते बदलापूर साधारण आठ किलोमीटर. रस्ता सपाट, डांबरी, दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती. सकाळी सातला तिथे चिटपाखरू नव्हतं. हा टप्पा मी मनात 'सोपा' म्हणून नोंदवला. बदलापूरला रेल्वेचं फाटक ओलांडून पश्चिमेला आलो, गावात शिरलो. बदलापूर गावात देवळाजवळ एक हॉटेल होतं. चहा-वडा खाऊन पाण्याची बाटली भरून घेतली. तुम्ही जाणार असाल तर पाणी इथेच भरा, पुढे धरणापर्यंत विहिरीशिवाय काही नाही. हॉटेलवाल्याला वाडी किती लांब ते विचारलं. "इथंच तर आहे," तो म्हणाला. मला त्या माणसाचा राग आला, कारण माझे पाय एवढ्यातच भरून आले होते.

उल्हास नदीचा पूल ओलांडला की गावपण सुरू होतं. कापलेल्या भाताची खाचरं, पेंढ्याचे भारे, कडेला करंजाची झाडं. थंडीचं ऊन फार सुंदर पडलं होतं, पण ते बघायला मान वर होत नव्हती. सायकल पुढे जाईचना. सपाटीवरसुद्धा पेडल मारायचं थांबवलं की ती जागच्या जागी उभी. चाकातून सतत गुणगुण ऐकू येई. मला वाटलं, सायकलचा आवाज असाच असतो. मग तो चढ आला. लांबून बघितला तर काही विशेष नव्हता, पण अर्ध्यावर माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी खाली उतरून दगडावर बसलो.

वरून लाकडाची मोळी डोक्यावर घेतलेली एक बाई येत होती. मला बघून थांबली.

"सायकलीला काय झालं, दादा?"

"काही नाही. चढ आहे."

"मंग उतरून चाल ना. सायकलीनं काय आण घातलीय?"

मला ते फार लागलं. उतरून चालायचं तर सायकल कशाला? मी पुन्हा बसलो, पुन्हा उतरलो. चढाच्या पलीकडे मात्र मोठा उतार होता, ओढ्याजवळ वळण घेऊन खाली जाणारा. त्या दिवसातली तेवढी दोन मिनिटं मी सुखाने घालवली. शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढे चिंच. भिंतीवर बाराखडी. मी स्वतः अशाच शाळेत शिकलो, म्हणून पायरीवर बराच वेळ बसलो. पण डोक्यात एकच चालू होतं, हे सुजाताला रोज झेपणार नाही.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं, रविवार म्हणून दुकान लवकर बंद झालं होतं. आईने माझे पाय गरम पाण्यात घातले. सुजाता समोर उभी होती.

"नाही," मी म्हणालो. "पुरुषासारखा पुरुष मी, माझी ही दशा झाली. तुला नाही जमायचं."

तिने एकदा विचारलं, "चढ किती मोठा?" मी म्हणालो, "संपतच नाही." नकाराचं पत्र मीच लिहून काढलं, तिने सही केली. सोमवारी शहाडच्या पोस्टातून पाठवायचं म्हणून ते मी खिशात ठेवलं.

सोमवारी सकाळी कामावर जाण्याआधी सायकल परत करायला गेलो. लछूभाईंनी सवयीप्रमाणे मागचं चाक उचलून फिरवलं. चाक जेमतेम अर्धा फेरा फिरून थांबलं. त्यांनी वाकून बघितलं आणि माझ्याकडे वळले.

"साईं, दिनमें बत्ती जलाके गया था?"

मला कळेना. त्यांनी बोट दाखवलं. दिव्यासाठी असतो तो डायनामो, बाटलीसारखा, मागच्या टायरला घट्ट टेकलेला होता. डबा कॅरिअरला बांधताना माझ्याच हाताने तो दाबला गेला असणार. दिवसभर मी दिवा पेटवत सायकल चालवली होती. लख्ख उन्हात तो कोणाला दिसणार?

"हवा पण कमती. आणि सीट बघ, लहान पोराच्या उंचीची. गुडघे छातीला लागले असतील," लछूभाई म्हणाले. मग हसू आवरून त्यांनी विचारलं, "चाळीस किलोमीटर ऐसाच गया? वापस भी आया? तू तो पैलवान आहेस."

हात आपोआप खिशातल्या पत्राकडे गेला. दर रविवारी विहारात मी खोटं न बोलण्याचं शील घेत होतो, आणि काल घरात, माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्या बहिणीला, मी जे सांगितलं ते खरं नव्हतं. मला ते ठाऊक नव्हतं, एवढाच काय तो फरक. मी कामावर गेलो नाही. घरी परत आलो आणि जसं घडलं तसं सांगितलं.

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. सुजाता हसली नाही.

"मी सही केली होती, दादा," ती म्हणाली. "रात्रभर स्वतःला समजावत होते, की तू म्हणतोस म्हणजे नसेलच जमणार."

तिने माझ्याकडून पत्र मागून घेतलं, फाडलं आणि चुलीत टाकलं. मग म्हणाली, "आता दोघं जाऊ."

"येत्या रविवारी?"

"रविवारी शाळा असते का? शुक्रवारी रजा टाक. परत येताना शाळा सुटायच्या वेळेला निघायचं."

शुक्रवारी निघालो. ती तिच्या लेडीज सायकलवर, मी लछूभाईंच्या. त्यांनी माझ्या सायकलचा डायनामोच काढून ठेवला होता. "आपके लिए स्पेशल," म्हणाले. सीट वर घेतली होती, हवा भरली होती. पुलापर्यंत आलो तरी मला घाम नव्हता. पाच दिवसांत रस्ता बदलला की काय, असं वाटत राहिलं.

चढ आला. मी दातओठ खाऊन पेडल मारायला लागलो. मागे बघतो तर सुजाता चढ सुरू व्हायच्या आधीच उतरलेली, सायकल हातात धरून रमतगमत येतेय.

"दमलीस?" मी विचारलं.

"नाही. इथे मी रोज उतरणार. सात-आठ मिनिटं जातात, तेवढं लवकर निघायचं."

"मग तो चढ जमला असं कसं म्हणायचं?"

"दादा, तुला चढ जिंकायचाय. मला शाळेत पोचायचंय."

चढाबद्दल तिचं बोलणं तिथेच संपलं. ज्या चढाने माझी झोप उडवली, त्याला तिने दिलं एवढंच महत्त्व. उलट ज्या उतारावर मी सुख भोगलं होतं तिथे ती थांबली, वळणावरची खडी पायाने चाचपली आणि म्हणाली, "हा वाईट आहे. पावसात इथे पडणार मी." वाडीत पोचल्यावर विहीर कुठे, सायकल कोणाच्या पडवीत ठेवता येईल, फाट्यावर पंक्चर झालं तर काय, हे सगळं तिने विचारून घेतलं. मागच्या वेळी एवढा वेळ बसूनही मला यातलं काहीच सुचलं नव्हतं. मी फक्त माझे पाय बघत होतो.

साडेपाचला बदलापूर सोडलं. आता उरला होता मी 'सोपा' म्हटलेला टप्पा. कारखान्यांची पाळी सुटण्याची वेळ. रसायनांचे टँकर एकामागून एक, बसगाड्या, टेम्पो. डांबर संपून कडेची माती जिथे सुरू होते तिथे वीतभर खोल पायरीच होती. रविवारी काय, आज सकाळी काय, मला ती दिसली नव्हती, कारण दोन्ही वेळा मी रिकाम्या रस्त्याच्या मधून गेलो होतो. सुजाता माझ्या पुढे होती. एका टँकरने भोंगा वाजवत इतकं जवळून ओलांडलं की तिचा पदर त्या वाऱ्याने वर उडाला. तिचं हँडल डगमगलं, चाक पायरीवरून घसरलं आणि ती गटारात पडली.

मी सायकल टाकून धावलो. कोपर सोललं होतं, गुडघ्यातून रक्त येत होतं. ती उठून बसली.

"हँडल वाकलं का बघ," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "हा टप्पा मी चालवणार नाही. बदलापूरपर्यंत लोकल गाडीने यायचं. स्टेशनबाहेर सायकल स्टँड आहे, तिथे सायकल ठेवायची, आणि तिथून पुढे."

"अर्धाच रस्ता सायकलने?"

"अर्धाच."

हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. दारापासून दारापर्यंत, न उतरता, न सोडता, अशी अट मीच घातली होती, आणि तीही सायकल न चालवणाऱ्या माणसाने.

घरी आईने जखमा बघितल्या आणि चूल तशीच सोडून खाली बसली. "बस झालं," ती म्हणाली. "नको ती नोकरी. तू सांग तिला." ती माझ्याकडे बघत होती. सुजाताही बघत होती, पण काही मागत नव्हती. ते कोपर बघून माझ्या ओठांवर पुन्हा तोच 'नाही' आला होता. मी म्हणालो, "उद्या सांगतो."

शनिवारी सकाळी वंदनेला बसलो. मन लागलं नाही, तरी उठलो नाही. दोन्ही वेळा मी रस्त्याकडे बघितलं होतं ते माझ्या भीतीतून. पहिल्यांदा दमण्याची भीती, आता ती पडेल ही भीती. भीती खोटी नव्हती, पण रस्ता कोणाला चालायचाय हे तिच्यात कुठेच नव्हतं. सुजाता झोपलेली होती. मी तिची सायकल बाहेर काढली.

लछूभाई नुकतेच दुकान उघडत होते. त्यांनी हँडल सरळ करून दिलं, पैसे घेतले नाहीत. मग तोच आठ किलोमीटरचा टप्पा मी तिच्या लेडीज सायकलवरून पार केला. टँकरचा आवाज मागून आला की उतरायचं, सायकल कडेला मातीत घ्यायची, तो जाईपर्यंत उभं राहायचं. एका क्लीनरने ओरडून विचारलं, "भाऊ, बायकोची पळवली काय?" मी हात केला. किती वेळा उतरलो ते मोजलं नाही.

स्टँडवाल्याने वही उघडली. सुजाताचं नाव सांगितलं. महिन्याचा पास केला.

"बाई रोज किती वाजता येणार?" त्याने विचारलं.

"ते त्यांनाच विचारा. सोमवारी येतील."

गाडीने घरी आलो. सुजाता कोपराला हळद लावून दारात बसली होती, सायकल दिसत नाही म्हणून रस्त्याकडे बघत. आई आतून आली.

"काय ठरवलंस मग?" तिने विचारलं.

"सायकल बदलापूरला ठेवून आलो," मी म्हणालो.