सिगारची उगवण

साखरखेर्ड्याला आमचे एक बियाणेवाले आहेत. पारखल्याशिवाय ते कशावरही विश्वास ठेवत नाहीत. विडीसुद्धा कानाशी चोळून, तिचा आवाज ऐकून मगच पेटवतात. कितीही घाईचं विचारा, पहिलं उत्तर "पाहू" हेच.

लेकीकडे दुबईला गेलो होतो, तेव्हा त्यांच्यासाठी सिगारचा डबा आणला. चांगला महागाचा. त्यांनी तो दुकानात, भर गिऱ्हाइकांत उघडला. पहिली सिगार कानाशी नेऊन चोळली आणि तिचा भुगा त्यांच्या खांद्यावर सांडला. दुसरीचंही तेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मालाले नावं काऊन ठेवता?" ते म्हणाले. मी काही बोललोच नव्हतो. "ओल गेली त्याची. पाहू."

मग सोयाबीनची उगवण तपासतात तसं त्यांनी ओलं बारदान अंथरलं, उरलेल्या दहा सिगार ओळीने मांडल्या आणि गुंडाळी सुतळीने बांधून सावलीत ठेवली. रोज सकाळी तिच्यावर पाणी शिंपडायचे. कुणी विचारलं, "हे कोनतं वाण हाय?" की शांतपणे सांगायचे, "दुबईचं. उगवन पाहून राह्यलो." दोघांनी तर आगाऊ नावं नोंदवली.

सातव्या दिवशी मला बोलावून त्यांनी बारदान उलगडलं. दहाही सिगारींवर पांढरीशुभ्र बुरशी उभी होती. मी मान खाली घातली. त्यांनी चष्मा लावून एकेक सिगार मोजली आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"दहापैकी दहा. वाण चोख हाय, भाऊ. तुमी उगीच लाजून राह्यले."