कुंपणकाकूंचा पहिला प्रश्न

शेजारच्या कुंपणकाकू माणसाला आधी "कुठले?" असं विचारायच्या आणि मग "कसे आहात?" उत्तर मिळेपर्यंत हसायच्यासुद्धा नाहीत. ओहायोतलं डब्लिन सोडून, नदी ओलांडून, आम्ही केंटकीच्या काठावरच्या या गावात राहायला आलो तेव्हा सामानाचा ट्रक अजून अर्धा भरलेला होता, आणि ही पंचाहत्तरीची गोरी बाई दोन्ही हात कुंपणावर ठेवून उभी!

"कुठले तुम्ही?"

"इंडिया."

"ते दिसतंय. इंडियात कुठले?"

झालं. मी म्हटलं, "मुंबई."

आता खरं सांगते, मी पक्की नागपूरची. इंदोऱ्याची. पण डब्लिनच्या नऊ वर्षांत या प्रश्नाची मी धास्तीच घेतली होती. ऑफिसातल्या मैत्रिणी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलवायच्या, मीही आवडीने जायचे. "नागपूरच्या? अय्या! नागपुरात कुठे?" आणि इंदोरा म्हटलं की आमची वस्ती माहीत असलेल्या बाईला माझी जात पत्त्यावरच वाचता यायची. चेहरा हसराच राहायचा, पण पुढच्या संक्रांतीला बोलावणं यायचं नाही. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळेपासून मी मुंबईची झाले. मुंबईत कुठे विचारलंच, तर "भाड्याची घरं हो, सारखी बदलायची," एवढं तयार ठेवलेलं. तेच उत्तर मी या बाईच्याही तोंडावर फेकलं. तिला इंदोरा काय आणि वरच्या जातींची धंतोली काय, काही कळणार नव्हतं. पण सवय म्हणजे सवय.

नवीन माणसाची परीक्षा घ्यायची काकूंची एक पद्धत होती. व्हरांड्यात बसवायचं आणि आइस टीचे दोन जग समोर ठेवायचे, एक पाकासारखा गोड, एक बिनसाखरेचा. गोड घेतला तर माणूस अमेरिकेच्या दक्षिणेचा, बिनसाखरेचा घेतला तर उत्तरेचा. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "गरम मिळेल का? दूध घालून?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांचं कपाटच उघडलंय.

सगळं जग त्यांनी असं वाटून टाकलं होतं. "पोस्टमन उत्तरेचा आहे, हवापाण्याचं काही न बोलता थेट सही मागतो. नवे पाद्री दक्षिणेचे, दहा मिनिटं गोड बोलतील आणि अकराव्या मिनिटाला काम सांगतील. दोघांवरही नजर ठेवायची."

"आणि तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"आम्ही नदीकाठचे, मधले. वरचे आम्हाला दक्षिणेचे गावंढळ समजतात आणि खालचे म्हणतात, हे कसले दक्षिणेचे! आमच्यावर दोघांचाही विश्वास नाही. आमचाही त्यांच्यावर नाही."

माझा मात्र या बाईवर काडीचा विश्वास नव्हता. आमच्याकडे कोण आलं, कुठल्या नंबरप्लेटची गाडी, किती वाजता गेली, सगळं तिला पाठ. एप्रिलमध्ये आम्ही जयंती केली. डब्लिनहून आमची माणसं आली, पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, खीर. दुसऱ्या दिवशी कुंपणावर हजर! "तो निळ्या कोटातला फोटो कुणाचा? तुमचा देव?" मी म्हटलं, "देव नाही. आम्हाला शिकायला लावणारा माणूस." मला वाटलं, आता ही चार घरी सांगत सुटणार. माझा नवरा मिलिंद म्हणाला, "तुला सगळीकडे डब्लिन दिसतं यार. म्हातारी एकटी आहे, बस."

मग टीव्हीवर मुंबईत पाणी भरल्याची बातमी आली आणि काकू दार वाजवत आल्या. "तुझी आई बरी आहे ना?" माझी आई तिकडे नागपुरात उन्हात पापड वाळवत बसलेली. मी म्हटलं, "हो, बरी आहे." पुढच्या रविवारी त्यांनी चर्चमधल्या बायांना माझ्या आईसाठी प्रार्थना करायला लावली. बाप्पा! वीस अनोळखी बाया डोळे मिटून माझ्या आईला पाण्यातून बाहेर काढताहेत आणि तिचा पदरसुद्धा भिजलेला नाही. मला इतकी लाज वाटली, की पंधरा दिवस मी मागच्या अंगणात गेले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आई आली आणि व्हायचं ते झालं. मी स्वयंपाकघरात होते. खिडकीतून दिसलं, दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या. काकू हातवारे करून विचारत होत्या, "मुंबई? फ्लड?" आई ठणकावून सांगत होती, "नो मुंबई. नागपूर. इंदोरा!" आणि छातीवर हात ठेवून परत एकदा, "इंदोरा." मी धावत बाहेर गेले तर आई माझ्याकडे वळून म्हणाली, "हे बाई मुंबई मुंबई काय करून राह्यली? म्या तं मुंबईचं फक्त एअरपोर्ट पाह्यलं."

काकू तडक घरात गेल्या. तीन आठवडे कुंपण रिकामं होतं. इतके दिवस जिच्या नजरेचा मला वैताग यायचा, ती नजर नाही म्हटल्यावर करमेना. आईने तर मला फैलावर घेतलं. "मह्या घराचं नाव सांगाले तुले लाज वाटते?"

शेवटी मीच काकूंकडे गेले. व्हरांड्यात बसून सगळं सांगितलं, हळदीकुंकू, पत्ता, हसरे चेहरे. त्यांनी मध्येच विचारलं, "नुसत्या वस्तीच्या नावावरून कळतं?" मी म्हटलं, "हो."

"आमचं बोलण्यावरून कळायचं," त्या म्हणाल्या. "मी इथली नाही. पूर्वेच्या डोंगरातली आहे, कोळशाच्या खाणीजवळची. सतराव्या वर्षी नदीपलीकडे कारखान्यात कामाला गेले. तोंड उघडलं की लोक हसायचे, घरमालक खोली द्यायचे नाहीत. डोंगरातली माणसं घाण करतात म्हणे. मग मी आरशासमोर उभं राहून बोलणं बदललं आणि सांगायला लागले, नदीकाठची आहे. नवऱ्याला माहीत होतं. मुलाला नाही."

"पण मग तुम्हीच सगळ्यांना कुठले, कुठले करता!"

"मी आधी विचारते ना पोरी, म्हणजे मला कुणी विचारत नाही."

मी रडले. त्या रडल्या नाहीत. गरम पाण्यात चहाची पिशवी बुडवून, वर थंडगार दूध ओतून त्यांनी कप माझ्या पुढ्यात सरकवला. भयंकर चहा होता तो. मी सगळा प्यायले.

दोन वर्षांनी काकूंना एकटं राहणं जमेना, तेव्हा मुलगा त्यांना उत्तरेकडच्या वृद्धाश्रमात न्यायला आला. गाडीपाशी उभा राहून तो फॉर्म भरत होता. जन्मगाव या रकान्यात त्याने न विचारताच या गावाचं नाव लिहिलं. काकू म्हणाल्या, "खोड ते." आणि डोंगरातल्या त्या गावाचं नाव सांगितलं, मी कधी न ऐकलेल्या हेलात. मुलगा हसला. मला हळूच म्हणाला, "हल्ली तिच्या डोक्यात गोंधळ होतो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी खरं बोलल्या आणि पोटचा पोर विश्वास ठेवेना.

"गोंधळ नाही," मी म्हटलं. "त्या तिथल्याच आहेत. तेच लिहा."

मला काय माहीत असणार, अशा संशयाने त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पण काकूंचा चेहरा पाहून त्याने खोडलं आणि लिहिलं. गाडीत बसताना काकूंनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "आता तुझी पाळी." त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. मी खूप रडले, आईला फोन करून रडले.

वसंतात त्यांच्या घराला नवे मालक आले. सांता क्लारातून आलेलं जोडपं, आणि निघालं मराठी! ट्रक अजून रिकामा व्हायचा होता. मी दोन्ही हात कुंपणावर ठेवून उभी. पण माझ्याआधी त्यातली बायकोच बोलली.

"अय्या, मराठी! कुठल्या तुम्ही?"

मुंबई अगदी जिभेच्या टोकावर आली होती. हिच्याशी कुंपणाला कुंपण लावून वर्षानुवर्षं राहायचं होतं.

"नागपूर," मी म्हटलं. "इंदोरा."

आणि तिच्या चेहऱ्यावरून नजर न हटवता विचारलं, "चहा घेणार? गोड की बिनसाखरेचा?"